बाळ घरी येणार आहे: घरात कोणी कोणती लस घ्यावी, आणि कोणत्या लसीवर किती भिस्त ठेवावी

प्रश्न असा आला आहे : सूनबाईंना सातवा महिना आहे, दुसरी खेप. घरात आम्ही दोघं साठीच्या पुढचे, मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात. करोनाच्या लसी आम्ही सगळ्या मोठ्यांनी घेतल्यात, नातीच्या नेहमीच्या लसीही बहुतेक झाल्यात. मग आमच्यापासून बाळाला लागण व्हायची भीती नाही ना? सुनेच्या डॉक्टरीणबाईंनी धनुर्वाताच्या इंजेक्शनाऐवजी टीडॅप नावाची महाग लस सांगितली आहे. मागच्या खेपेला ती घेतली होती, मग पुन्हा कशाला? शिवाय नातीला आता लस दिली तर त्या लसीतले जंतू गरोदर बाईला लागतात असं शेजारी म्हणतात, ते खरं का? मला स्वतःला पंधरा-वीस दिवस खोकला आहे, पण तो दरवर्षीचाच आहे.

काकू, तुम्ही सगळ्यात शेवटी जे लिहिलंत ते मी सगळ्यात आधी घेतो. दोन आठवड्यांच्या वर टिकलेला खोकला असेल तर थुंकी तपासायची, हा आपल्याकडचा नियम आहे. "दरवर्षीचाच आहे" म्हणून तो सोडून देऊ नका. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल खोकून आलेला बेडका द्यायचा. नुसती लाळ देऊन उपयोग नाही. बहुतेक वेळा काही निघत नाही. पण निघालाच टीबी, तर तो बाळ यायच्या आधी कळलेला बरा. औषधं सुरू झाली की रुग्णापासूनची लागण लवकर कमी होते, आणि घरातल्यांना प्रतिबंधक गोळ्या देता येतात. बाळाला जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजी देतील. मेंदूचा टीबी आणि अंगभर पसरणारा टीबी यांपासून ती लहान बाळाला चांगलं वाचवते. पण खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडून होणारी लागण थांबवणं हे तिचं काम नाही, आणि तुम्हाला लहानपणी दिलेली बीसीजी आज तुमच्या खोकल्यातून जंतू बाहेर पडू देणार नाही असंही नाही. तेव्हा उद्याच जा.

आता मूळ प्रश्न. "लस घेतली आहे" असं आपण एका दमात म्हणून टाकतो, पण त्यात तीन वेगवेगळी कामं येतात. एक, जंतू शरीरात शिरूच न देणं. दोन, शिरला तरी माणसाला फार आजारी पडू न देणं. तीन, त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होऊ न देणं. सगळ्या लसी ही तिन्ही कामं सारख्याच जोरानं करत नाहीत. गोवराची लस तिन्ही झकास करते. डांग्या खोकल्याची लस दुसरं काम उत्तम करते, तिसरं मात्र कच्चं. करोनाच्या लसीचं तिसरं काम तर विषाणूनं रूप बदललं तसं बदलत गेलं. त्यामुळे घरातल्या सगळ्यांची लस झाली म्हणजे बाळ सुरक्षित, असं सरसकट म्हणता येत नाही. आजार कोणता, लस कोणती आणि घरात सगळ्यात कच्चा गडी कोण, हे दर वेळी बघावं लागतं. तुमच्या घरात कच्चा गडी म्हणजे अजून न जन्मलेलं बाळ. पहिल्या सहा आठवड्यांत त्याला डांग्या खोकल्याची लसच देता येत नाही, सहा महिन्यांच्या आत फ्लूची देता येत नाही आणि गोवराची आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात.

करोनाचं थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांच्या डोक्यात लस म्हटलं की तेच असतं. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात आपण घरंच्या घरं पॉझिटिव्ह झालेली पाहिली. त्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये लाखो घरांची माहिती तपासली होती. एक डोस घेऊन तीन आठवडे झालेल्या माणसाला करोना झाला, तर घरातल्या इतरांना त्याच्याकडून लागण व्हायचं प्रमाण साधारण ४० ते ५० टक्क्यांनी कमी होतं. लोकांना हायसं वाटलं. मग विषाणूचं डेल्टा हे नवं रूप आलं. त्याच देशात पुन्हा घरं तपासली तेव्हा घरात रुग्ण असताना लस न घेतलेल्या शंभरातल्या ३८ जणांना लागण झाली आणि दोन्ही डोस घेतलेल्या शंभरातल्या २५ जणांना. म्हणजे स्वतःला वाचवायला लस उपयोगी पडत होती. पण लस घेऊनही ज्याला आजार झाला, तो लस न घेतलेल्या रुग्णाइतकाच घरात पसरवत होता. लस तीच, देश तोच, काही महिन्यांत उत्तर बदललं. तुमच्या त्या डोसांनी तुम्हा दोघांना जिवावरच्या दुखण्यापासून वाचवलं असेल, पण बाळाभोवतीची भिंत म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

आता डांग्या खोकला. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या सुनेला सांगितलेली लस याचसाठी आहे आणि लोक नेमकी तीच टाळतात.

काही वर्षांपूर्वी श्रावणात माझ्याकडे पाच आठवड्यांचं बाळ आलं. आई म्हणाली, "खोकत नाही फारसं, पण मध्येच गप्प होतं." मी बघत असतानाच ते गप्प झालं. दोन-तीन बारीक ठसके, जेमतेम ऐकू येतील असे. मग तोंड उघडं, डोळे उघडे आणि श्वास नाही. ओठ आधी जांभळे झाले, मग कपाळ. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ९७ चा आकडा बघता बघता साठीत आला. सिस्टरांनी तळपायावर टिचकी मारली, पाठ चोळली, तेव्हा एक मोठा श्वास आला आणि ते रडलं. मोठ्या मुलांमध्ये डांग्या खोकल्याच्या उबळीनंतर श्वास घेताना जो 'हूप' असा आवाज येतो, तो एवढ्या लहान बाळात बहुतेक वेळा नसतोच. त्याच्यात तेवढी ताकद नसते. त्याचा श्वास नुसता थांबतो.

दाराशी आजोबा उभे होते, तोंडाला उपरणं लावून खोकत. तीन आठवडे झाले होते, तंबाखूचा ठसका म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं. मोठा भाऊही रात्री खोकत होता, आणि खोकून खोकून उलटी करत होता. घरातल्या सगळ्यांना आम्ही अँटिबायोटिकचा कोर्स दिला. बाळ एकोणीस दिवस दवाखान्यात होतं आणि नीट होऊन घरी गेलं. मला आजही टोचतं ते हे, की त्या बाळाची आई सातव्या महिन्यात असताना मोठ्या मुलाच्या तापासाठी माझ्याकडे येऊन गेली होती. तिचं पोट मला दिसत होतं. टीडॅप घेतली का, एवढं मी विचारलं नाही. तेव्हापासून माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला, ती कोणत्याही कारणानं आलेली असो, मी ते विचारतो.

घरात डांग्या खोकला शिरला तर लस न घेतलेल्यांपैकी दहातल्या आठ-नऊ जणांना तो गाठतो. खोकला सुरू झाल्यापासून साधारण तीन आठवडे माणूस तो पसरवत राहतो. योग्य अँटिबायोटिक मिळालं तर पाच दिवसांत पसरवणं थांबतं. पहिले आठ-दहा दिवस तो साध्या सर्दीसारखाच दिसतो, आणि नेमका तेव्हाच तो सगळ्यात जास्त पसरतो. लहान बाळांना हा आजार कोणाकडून लागतो हे अमेरिकेत तपासलं, तेव्हा ज्या बाळांच्या बाबतीत तो कोणाकडून आला ते कळलं, त्यांतल्या साधारण दोन-तृतीयांश बाळांना तो घरातल्याच माणसाकडून आला होता. साधारण एक-तृतीयांश वेळा भावंडांकडून आणि एक-पंचमांश वेळा आईकडून.

हे कळल्यावर कोणाच्याही मनात हेच येईल की बाळाभोवतीच्या सगळ्यांना लस देऊन टाकू. काही देशांनी तसा प्रयत्न केलाही. रेशमाच्या किड्याभोवती कोष असतो तसा बाळाभोवती लस घेतलेल्यांचा कोष करायचा. कल्पना सुरेख, पण दोन ठिकाणी अडली. एक तर घरातले सगळे वेळेवर लस घेतच नाहीत. दुसरी अडचण लसीतच आहे. टीडॅपमध्ये डांग्या खोकल्याच्या जंतूचे फक्त काही निवडक तुकडे असतात. २०१३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी बबून माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. तुकड्यांची लस दिलेली माकडं आजारी पडली नाहीत, पण त्यांच्या घशात जंतू कित्येक आठवडे राहिले आणि पिंजऱ्यातल्या लस न दिलेल्या माकडांना त्यांच्याकडून आजार झाला. माकडांवरचा प्रयोग माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी खोकला न येणारा माणूस कमी शिंतोडे उडवतो, त्यामुळे थोडा फायदा धरायला हरकत नाही. पण आजी-आजोबांनी टीडॅप घेतली म्हणजे बाळ सुटलं, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

मग भरवशाचं काय? आई. सातव्या-आठव्या महिन्यात, नेमकं सांगायचं तर २७ ते ३६ आठवड्यांत, आईला टीडॅप दिली की तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. बाळ जन्माला येतं तेच शिदोरी घेऊन. बाळाभोवती भिंत बांधण्यापेक्षा बाळाच्या हातातच ढाल देण्याचा हा प्रकार आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१२ पासून सगळ्या गरोदर बायकांना ही लस देऊ लागले. पुढे मोजलं तेव्हा तीन महिन्यांच्या आतल्या बाळांना डांग्या खोकल्यापासून मिळालेलं संरक्षण नव्वद टक्क्यांच्या आसपास भरलं. घरातल्या कोणाच्याही टीडॅपपेक्षा आईची टीडॅप बाळाला जास्त उपयोगी पडते, ती यामुळे.

मागच्या खेपेला घेतली होती, मग पुन्हा का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मागच्या वेळची प्रतिपिंडं नातीला मिळाली. वर्ष-दोन वर्षांत आईच्या रक्तातली पातळी उतरते, आणि या बाळाला आज रक्तात जे असेल तेच मिळणार. म्हणून प्रत्येक गरोदरपणात पुन्हा. लस घेतल्यावर पातळी वर यायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा नवव्या महिन्यापर्यंत ढकलू नका. सरकारी दवाखान्यात जी टीडी मिळते तिच्यात धनुर्वात आणि घटसर्प आहेत, डांग्या खोकला नाही; टीडॅपमध्ये तिन्ही आहेत. दोन टीडीपैकी एकीच्या जागी टीडॅप घेतली की झालं, वेगळं जादा इंजेक्शन लागत नाही. महाग आहे हे खरं. पण घरात पैसे एकाच लसीपुरते असतील तर ते सूनबाईंच्या दंडात जाऊ द्या, तुमच्या नव्हे.

त्यानंतरचा नंबर नातीचा, आणि तिथे पैसेही लागत नाहीत. "बहुतेक झाल्यात" असं तुम्ही लिहिलंय. त्या 'बहुतेक'मध्ये काय राहिलंय ते कार्ड काढून बघा. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची लस) दुसरा बूस्टर असतो, आणि दीड वर्षाच्या लसीनंतर आपलं काम संपलं असं समजून अर्धी घरं तो विसरतात. आशाताईंना विचारा, तुमच्या आरोग्य केंद्रातच मिळेल. सरकारी डीपीटीत डांग्या खोकल्याचा अख्खा मारलेला जंतू असतो. त्यामुळे ताप येतो, मांडी किंवा दंड सुजतो, पोर एक रात्र किरकिरतं. खाजगीत मिळणाऱ्या 'पेनलेस' लसीत तेच तुकडे असतात. त्रास कमी, पण संरक्षण लवकर उतरतं. बबूनांच्या त्या प्रयोगातही अख्ख्या जंतूची लस दिलेल्या माकडांच्या घशातले जंतू लवकर निवळले होते. लहान बाळांच्या पहिल्या तीन डोसांसाठी मी स्वतः सरकारी पेंटाच (डीपीटीसकट पाच आजारांवरची एकत्र लस) सुचवतो. एक रात्रीच्या तापाला पॅरासिटामॉल आहे.

गोवराची गोष्ट निराळी. पसरण्यात त्याच्या तोडीचा आजार नाही. लस न घेतलेल्या, पूर्वी गोवर न झालेल्या दहा जणांच्या घरात तो आला तर नऊ जणांना होतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहतो. आणि पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो पसरत असतो. म्हणजे अंगावर पुरळ बघून मुलाला वेगळं निजवायचं हे वरातीमागून घोडं. आपल्याकडे अजून काही घरांत अंगावर उठलं की बायांचं आलं म्हणून कडुनिंबाचा पाला बांधतात, दवाखाना टाळतात, आणि शेजारपाजारची पोरं बघायला येतात. निंबाच्या पाल्याशी माझं भांडण नाही, शेजारच्या पोरांना आत घेण्याशी आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या आसपास गोवराची मोठी साथ आली. एका दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं राहतात, तिथे 'वेगळं ठेवा' या सल्ल्याला काही अर्थ उरत नाही. दगावलेल्या बहुतेक मुलांना लस मिळालेली नव्हती. त्या वेळी साथीच्या भागात नऊ महिन्यांच्या आतल्या, सहा महिन्यांपुढच्या बाळांनाही जादा डोस देण्याचा निर्णय झाला, कारण साथ नऊ महिन्यांची वाट बघत नव्हती.

पण हीच लस तिसरं कामही चोख करते. ज्या मुलाचे दोन डोस झाले आहेत, ते गोवर घरात आणत नाही म्हटलं तरी चालेल. तुमच्या नातीचे नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाच्या सुमाराचा, असे दोन्ही डोस झाले असतील तर बाळाभोवतीची ती बाजू पक्की. चुकून घरात किंवा शेजारी गोवर निघालाच आणि कोणाचा डोस राहिला असेल, तर संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टाळता येतो किंवा सौम्य करता येतो. लस देता येत नाही अशा लहान बाळाला सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं. घड्याळ तिथून चालू होतं, म्हणून दोन दिवस वाट बघू असं करू नका.

कांजिण्यांबद्दल एक गोष्ट सूनबाईंना आजच विचारा : लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का? आपल्यासारख्या उष्ण देशात बऱ्याच लोकांना त्या मोठेपणीही येतात, त्यामुळे आल्याच असतील असं धरून चालू नका. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून ते दोन दिवस नंतरपर्यंत आईच्या अंगावर कांजिण्या उठल्या तर बाळाला तो आजार फार जोरात होतो, कारण विषाणू पोचतो पण आईची प्रतिपिंडं पोचायला वेळ मिळत नाही. शाळेत जाणारी नात हा घरात यायचा सरळ रस्ता. कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाही, म्हणून बहुतेक मुलांची राहून जाते. नातीची झाली नसेल तर आता द्या. लस घेतलेल्या मुलालाही कधी कधी सौम्य कांजिण्या येतात, पण कॅलिफोर्नियातल्या घरांच्या पाहणीत अशी मुलं लस न घेतलेल्यांच्या निम्म्यानंच पसरवत होती, आणि पन्नासपेक्षा कमी फोड आलेली तर एक-तृतीयांशानंच. सूनबाईंना कांजिण्या आलेल्या नसतील आणि संपर्क झाला असं कळलं, तर त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा.

इथे शेजाऱ्यांच्या भीतीचं उत्तर देतो. त्या भीतीला थोडा आधार आहे, पण तुमच्या घराला ती लागू नाही. मेलेल्या जंतूंच्या किंवा तुकड्यांच्या लसी, म्हणजे डीपीटी, टीडॅप, फ्लूचं इंजेक्शन, कावीळ बी, यांतून कोणालाच काही लागत नाही. जिवंत काही नसतंच त्यात. गोवर-रुबेलाच्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, पण लस घेतलेल्या मुलाकडून तो दुसऱ्याला जात नाही. गरोदर आईच्या मुलाला ती बेधडक द्यावी. उलट पोटातल्या बाळाला इजा करणारा रुबेला घरात यायला नको म्हणून तर ती द्यायची. कांजिण्यांच्या लसीचा विषाणू दुसऱ्याला गेल्याच्या घटना जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याही लसीनंतर अंगावर फोड उठले तेव्हाच्या. तसे फोड उठले तर ते सुकेपर्यंत झाकून ठेवायचे, बस. पोलिओचे थेंब आणि रोटाची (जुलाबावरची) लस मात्र शीवाटे काही आठवडे बाहेर पडतात. बाळाचं लंगोट बदलल्यावर साबणानं हात धुणं, एवढा त्याचा उपाय. घरात कोणाची केमोथेरपी चालू असेल किंवा अवयव बदललेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण तिथे हिशेब वेगळा होतो. आणि सूनबाईंनी स्वतः गरोदरपणात गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांची लस घ्यायची नाही. राहिली असेल तर बाळंतपणानंतर घ्यायची. अंगावर पाजत असतानाही चालते.

फ्लूचं गणित पुन्हा डांग्या खोकल्यासारखंच, आईपासून सुरू होणारं. महाराष्ट्रात फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, पावसाळ्यात आणि थंडीच्या अखेरीस. २००९ साली स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. तेव्हापासून आपल्या राज्याला हा आजार चांगला ठाऊक आहे, आणि गरोदर बायकांना तो जड जातो हेही तेव्हाच सगळ्यांनी पाहिलं. फ्लूची लस गरोदरपणात कोणत्याही महिन्यात घेता येते. ढाक्यात गरोदर बायकांना ही लस देऊन पाहिली होती. २००८ साली आकडे आले, तेव्हा त्यांच्या बाळांमध्ये तपासणीत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी निघाला. आपल्यासारखीच दाटीवाटीची वस्ती, आपल्यासारखीच घरं, म्हणून मला तो अभ्यास युरोपातल्या दहा अभ्यासांपेक्षा जवळचा वाटतो. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला ती मोफत मिळते का, हे विचारून बघा.

तुम्ही दोघांनीही फ्लूची लस घ्यावी असं मला वाटतं. ती बाळासाठी जेवढी, त्याहून जास्त तुमच्यासाठी. साठीनंतर फ्लू छातीत उतरतो. आणि बाळाची लस तुम्हालाही उपयोगी पडते, हे फार जणांना माहीत नसतं. न्यूमोकोकस हा न्यूमोनिया करणारा जंतू लहान मुलांच्या नाकात निवांत राहतो आणि लाडानं मांडीवर घेतलेल्या नातवंडाकडून आजी-आजोबांकडे येतो. अमेरिकेत २००० साली बाळांना त्याची लस सुरू केली, आणि काही वर्षांत लस न घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांमधला त्या जंतूचा गंभीर आजारही घटला. बाळांच्या नाकातला जंतूच कमी झाला होता. आपल्याकडे २०२१ पासून ती देशभर मोफत आहे : सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने.

सुईशिवायचं थोडं. सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीच्या खिडक्या बंद, वर शेगडी आणि धुरी, हे मी अजून पाहतो. माया त्यामागे आहे, पण बंद खोलीत एक जण खोकला की सगळ्यांच्या नाकात तेच जातं, आणि धुरानं बाळाच्या श्वासनळीची आतली कातडी सुजते. शेक हवा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीनं द्या, वाऱ्याची झुळूक थेट बाळावर येणार नाही अशी एक खिडकी उघडी ठेवा. बारशाला चाळीस माणसं येणार असतील तर बाळाला हातोहात फिरवू नका. पाळण्यात ठेवा, लांबून बघू द्या. सर्दी-खोकला असलेल्यानं, मग तो बाळाचा बाप का असेना, मुका घ्यायचा नाही. नात शाळेतून आली की हात-तोंड धुऊन कपडे बदलून मग भावाकडे किंवा बहिणीकडे. तिला 'लांब हो' म्हणण्याऐवजी पायांना हात लावायची परवानगी द्या, पोरं ते आनंदानं पाळतात. सूनबाईंनाच सर्दी झाली तर मास्क लावून, हात धुऊन अंगावर पाजत राहायचं. दूध तोडायचं नाही.

प्रसूती जिथे होणार आहे तिथे आत्ताच सांगून ठेवा की बाळाला २४ तासांच्या आत कावीळ बीचा डोस हवा. बीसीजी आणि पोलिओचे थेंबही तिथेच. आणि बाळ जन्मलं त्या दिवसापासून सहा आठवडे मोजून कॅलेंडरवर खूण करा. पेंटाचा पहिला डोस त्या दिवशी द्यायचा. बारीक सर्दी आहे, मामा येणार आहेत, अशा कारणांनी तो पुढे ढकलू नका, कारण आईनं दिलेली शिदोरी हळूहळू संपत असते.

आणि एवढं करूनही बाळाला दोन महिन्यांच्या आत खोकला लागला, तर घरी थांबायचं नाही असे काही प्रसंग आहेत. दूध ओढेनासं झालं, अंग तापलं म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा वर, किंवा उलट अंग गार पडलं, शांत निजलेलं असताना मिनिटाला साठच्या वर श्वास, छाती आत ओढली जातेय, खोकता खोकता ओठ निळे पडतायत, किंवा माझ्याकडे आलेल्या त्या बाळासारखं मध्येच गप्प होतंय. यातलं एक जरी दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघा. मोबाइलवर त्या गप्प होण्याचा व्हिडिओ निघाला तर काढा, डॉक्टरांना फार मदत होते. आणि घरात कोणकोण किती दिवस खोकतंय, तेही पहिल्याच वाक्यात सांगा.